हंसाची अट

शिरगावची हंसा बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होती. शहाण्णव साली तिथे कॉम्प्युटर आला आणि पालघरच्या क्लासात शिकलेल्या जोरावर तिने एक प्रोग्राम लिहिला. ड्रममधल्या अ‍ॅसिडची तीव्रता भरायची, की टाकीत किती ओतायचं ते पडद्यावर येई. तीव्रता न भरता पुढे जाताच येत नसे. ही अट तिने मुद्दाम घातली होती.

रविवारी विश्रामच्या टायपिंग क्लासात औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कॉम्प्युटर चालवणारी आठ-दहा माणसं जमत. मागेल त्याला हंसाने फ्लॉपी दिली, प्रोग्रामच्या सगळ्या ओळींसकट, कुणालाही बदलता येईल अशी. "सुधारा खुशाल, फक्त काय बदललं ते मला सांगा," एवढंच ती म्हणे. सगळे हो म्हणत. सांगायला कुणी आलं नाही. तिनेही विचारलं नाही. दहा कारखान्यांत पडद्यावर आपलं नाव उमटतं, यातच ती खूश होती.

एके दुपारी दुसऱ्या कारखान्यात टाकीतलं मिश्रण उसळलं. जिवल्या नावाचा कामगार मानेपासून कोपरापर्यंत भाजला. हंसाने तिथली फ्लॉपी उघडून पाहिली. तिची अट कुणीतरी काढून टाकली होती. रकाना रिकामा सोडला, की प्रोग्राम आधीच्या ड्रमचाच आकडा गुपचूप धरत होता. नव्या ड्रममधलं अ‍ॅसिड कितीतरी जास्त तीव्र होतं.

रविवारी तिने सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी केलं?"

शेजारच्या कारखान्यातला पुंजाराम म्हणाला, "कुणी केलं कुणास ठाऊक. सोयीचं होतं, म्हणून सगळ्यांनी घेतलं."

"तपासलं कुणी?"

"तूच तपासलं असशील, असं वाटलं. नाव तुझं होतं ना!"

"यापुढे बदलेल त्याने नाव-तारीख लिहायची. आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय फ्लॉपी बाहेर द्यायची नाही."

"फुकटच्या कामाला एवढे कायदे?" विश्राम हसला. "मग इथे येईल कोण?"

हंसा जिवल्याच्या पाड्यावर गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची बायको भागी म्हणाली, "सायेब सांगतात, मशीनची चूक हाय. मशीनला कोन इचारनार, बाई?"

"मशीनची नाही. प्रोग्राम मी लिहिला, दुसऱ्याने बदलला, आणि मी परत पाहिला नाही."

"हे सायबापुढं बोलाल?"

हंसा अपघाताच्या चौकशीत तसंच बोलली. बाकीच्यांनाही बोलवा, म्हणाली. बोलावल्यावर सगळे म्हणाले, आम्ही फक्त वापरत होतो. तिच्या कारखान्याने तिला प्रयोगशाळेतून काढून पॅकिंग खात्यात टाकलं. जिवल्याच्या अपघाताच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा पडला.

अट पुन्हा घालून तिने दहा फ्लॉप्या केल्या आणि सुट्टीच्या दिवशी गेटागेटावर फिरली. तिघांनी घेतल्या. पुंजाराम गेटपर्यंत आला, फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली.

"आमचं ठीक चाललंय की," तो म्हणाला आणि फ्लॉपी हंसाच्या हातात परत देऊन आत गेला.