सात शुभेच्छुक

आमच्या वरच्या खोलीत राहून गेलेल्या पोरीने आयुष्यात एकही वस्तू फक्त एकदा वापरून टाकली असेल, असं मला वाटत नाही. चहाची पत्ती दोनदा उकळून झाली की माझ्या गुलाबाच्या कुंडीत जायची. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तिच्या अभ्यासाच्या नोंदी असायच्या, त्यामुळे कुठल्या तरी वधूवरांच्या पाठीवर अळिंबीचं लॅटिन नाव वाचायची मला सवय झाली होती. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या पाहून शेजारीण मला विचारायची, की तुम्ही डेअरी काढली काय. एटापल्लीच्याही पुढच्या एका जंगलगावातून ही पोरगी चंद्रपूरला शिकायला आलेली. तिचा विषय म्हणजे पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या सात्या आणि रानातल्या इतर खायच्या अळिंब्या. मी शाळेत गणित शिकवते, आणि खोली देताना माणूस गोंगाट करतो का एवढंच बघते. ती गोंगाट करत नव्हती. टाकतही काही नव्हती.

अशात हैदराबादच्या एका परिषदेत तिचं पोस्टर मंजूर झालं. नोंदणीची फी भरण्यात शिष्यवृत्ती संपली आणि बाकी सगळं 'जमवू' या एका शब्दावर आलं. पुढचे पंधरा दिवस आमची गल्ली हैदराबादला निघाल्यासारखी वागत होती. समोरच्या घरातले भाऊ ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला. त्यांच्याकडून प्रवासाची बॅग आली. तिचं एक चाक गायब होतं. मी ते दाखवलं तर म्हणाली, "चाक काऊन पाहिजे बाई? डोक्यावर नेता येते." सँडल माझे, पायात एक नंबर मोठे, पुढे कापूस भरून बरोबर बसवले. राहण्याची सोय मैत्रिणीच्या मैत्रिणीच्या वसतिगृहात, आणि त्या न पाहिलेल्या मुलीसाठी मोहफुलांचे लाडू. फुकट राहायचं नाही, यावर ती ठाम होती.

सरावाची तऱ्हा तर और होती. परीक्षक पोस्टरपुढे जेमतेम चार-पाच मिनिटं थांबतात, असं तिच्या गाईड मॅडमनी बजावलेलं. मोबाईलची बॅटरी म्हातारी, घड्याळ लावलं की मान टाकायची. म्हणून ती माझ्या कुकरवर वेळ मोजायची. पहिली शिट्टी झाली की नमस्कार, दुसरीच्या आत आभार. श्रोते दोन, मी आणि तूरडाळ. प्रस्तावना लांबली की ती बोलता बोलता हळूच गॅस बारीक करायची. शेवटी मी सुनावलं, "गॅस नको कमी करू, बोलणं कमी कर." त्या पंधरवड्यात मी कधी कच्ची डाळ खाल्ली, कधी लगदा, पण विषारी अळिंबी कशी ओळखायची ते मला आजही झोपेत विचारा.

राहता राहिलं पोस्टर. चांगल्या कागदावर छापायचं तर नागपूर गाठावं लागणार, आणि तो खर्च झेपणारा नव्हता. तिने कोपऱ्यावरचं फ्लेक्सचं दुकान गाठलं. दुकानदार भला माणूस. मजकुराचा पेनड्राइव्ह घेऊन म्हणाला, "बिनधास्त जा ताई, एक नंबर बनवून देतो."

गाडी बल्लारशाहून दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दुपारी ती फ्लेक्स घेऊन आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मीच गुंडाळी उलगडली. नकाशे, तक्ते, अळिंब्यांचे फोटो, सगळं जागच्या जागी होतं. पण कोपऱ्यातल्या तिच्या पासपोर्ट फोटोमागून सोनेरी किरणं फुटली होती. रिकाम्या जागेत वाघ बसला होता. आमच्याकडे वाघाशिवाय फ्लेक्स म्हणजे कुंकवाशिवाय पत्रिका. आणि तळाशी, ज्यांनी तिला अळिंब्या दाखवल्या त्या गावातल्या सात बायांचे तिने आभारासाठी दिलेले फोटो गोल करून ओळीने मांडलेले, वर ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक'.

मी तशीच तिला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराला चूक कळेचना. त्याने वाघाचे पैसेही लावले नव्हते. म्हणाला, "मॅडम, खाली शुभेच्छुक नाई टाकले तं लोकायले वाटन का बिचारीचं कोनीच नाई." दुसरा छापून दे म्हटलं, तर गल्लीत सकाळपासून लाईट नव्हती. जिल्ह्यातल्या विजेवर अर्धा महाराष्ट्र चालतो आणि आमचं फ्लेक्सचं मशीन बंद.

घरी येऊन ती म्हणाली, "मी नाई जात बाई. तिथी लोक हासतील. म्हणतील, ही वाढदिवस कराले आली." एवढे दिवस काहीच वाया न घालवणारी पोरगी तिकीट, फी आणि दोन वर्षांचं काम एका दमात टाकायला निघाली होती. रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. मी कात्री आणि शाळेचा पांढरा चार्ट पेपर आणला. किरणांवर कागद चिकटवला. वाघ कडेला होता, तो सरळ कापून काढला. मग तळाच्या ओळीवर चिकटवायला पट्टी कापली, तर तिने माझा हात धरला.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "ह्या बाया नसत्या तं मले एक सात्या ओळखता आली नसती. त्याईले कशाले झाकू?"

गेली. डोक्यावर बॅग घेऊनच गेली. कापलेला वाघ तिने टाकला नव्हता. तिच्या सायकलच्या सीटवर कव्हर म्हणून घातला होता.

बक्षीस मिळालं नाही. पण सगळ्या सभागृहात माणसांचे चेहरे असलेलं पोस्टर तेवढं एकच होतं म्हणे. एक वयस्कर प्राध्यापिका थांबल्या आणि या कोण म्हणून विचारलं. हिने दोन शिट्ट्यांच्या आत सातही जणींबद्दल सांगितलं. त्यात तिची आत्याही होती, आधार कार्डाचा फोटो काढताना बघतात तशी कपाळाला आठ्या घालून बघणारी. वर्षभराने त्याच प्राध्यापिकांच्या हाताखाली संशोधनाला ती हैदराबादला गेली. जाताना खोली झाडून दिली, सँडल पॉलिश करून दिले, कापूस काढून वेगळा दिला. फ्लेक्सची गुंडाळी हातात ठेवून म्हणाली, "मांगच्या शेडवर टाका बाई. पान्याले फाटत नाई."

पावसाळ्यात शेडचा कोपरा गळायला लागला तेव्हा मी ती गुंडाळी काढली. अंगणात उलगडली. सातही जणी माझ्याकडे बघत होत्या, आत्या जरा जास्तच. मी गुंडाळी परत कपाटावर ठेवली आणि बाजारात जाऊन निळी ताडपत्री आणली. चांगलं जाड प्लास्टिक घरात असताना ताडपत्री विकत घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, हे मला कळतं.

रविवारी तिचा फोन आला. बाकी विचारपूस झाल्यावर म्हणाली, "बाई, फ्लेक्स टाकला का शेडवर?"

"टाकला," मी म्हटलं.

"मंग गळते का अजून?"

"नाही गळत."

हे दुसरं उत्तर तरी खरं होतं.