पुलापाशी पाणी उतरलं

लग्न होऊन दिल्लीत आले तेव्हा आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये फोन नव्हता, पण डोंगर भरपूर होते. हे सरकारी खात्यात भूगर्भशास्त्रज्ञ. हिमालयात कुठे मोठी दरड कोसळली की यांची बॅग भरली जायची, आणि परत आले की तीच दरड माझ्या स्वयंपाकघरात कोसळायची. परातीत कणकेची लांबट दरी करायचे, वरून पाणी सोडायचे आणि मध्येच कणकेचा गोळा आपटायचे.

"बघ, नदी अडली. वर तळं झालं. त्यात गाळ साचतो, शेकडो वर्षं. मग नदी बांध कापून निघून जाते आणि मागे सपाट जमीन राहते. अरुंद दरीत मोठं मैदान दिसलं ना, की कधीतरी तिथे डोंगर आडवा पडला असेल."

"समजलं. आता पोळ्या कशाच्या करू?" मी म्हणायचे.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली, त्या पावसाळ्यात मात्र अख्खा कडाच नदीत उतरला. हे तिकडे गेले आणि माझे कान खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या फोनकडे लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जिन्यातूनच ओरडली, "भाभीजी, साहब का मेसेज आया है! पुल के पास पानी दो हाथ उतर गया. चिंता की कोई बात नहीं!"

माझा जीव भांड्यात पडला. मी शिरा केला, तिला वाटीभर नेऊन दिला. घरी येऊन कढई घासायला घेतली आणि हात थांबला. पूल दरडीच्या खालच्या अंगाला होता, निघताना यांनीच सांगितलं होतं. ऐन पावसाळ्यात नदी दोन हात उतरते कशी? पाणी कमी झालं नव्हतं, वर तुंबत होतं. परातीतही गोळ्याच्या खालची बाजू अशीच कोरडी पडायची, आणि मग गोळा एकदम सुटायचा.

तशीच ओल्या हातांनी खाली पळाले, यांच्या ऑफिसात फोन लावला. "कैंप कहाँ है?"

"पुल के पास ही, मैडम. बिल्कुल सेफ."

पुढचे चार दिवस रोज तोच निरोप. पानी और उतरा, सब ठीक. शेजारपाजारच्या बायका माझं अभिनंदन करत होत्या आणि मी हसत होते. भीती तर होतीच, पण मला रागही आला होता, अगदी संताप. यांनी मुद्दाम असा निरोप धाडला होता. मी इतक्या वर्षांत यांचं एक अक्षरही ऐकलेलं नाही, अशी खात्री असल्याशिवाय कोणी बायकोला असं कळवेल?

पाचव्या दिवशी बांध फुटला. कॅम्प आदल्याच दिवशी वर हलवला होता. हे घरी आले ते उत्साहाने फुललेले. पूल गेला, नदीने पात्र बदललं, तंबूंच्या जागी घराएवढे धोंडे आलेत, असं सांगत सुटले. मी मध्येच म्हटलं, "मला खोटे निरोप पाठवत जाऊ नका. मला कळतात."

हे माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला कळलं होतं? बरं. यापुढे खरं तेच सांगेन."

त्यांनी शब्द पाळला. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक दौऱ्यावरून खरा निरोप आला, आणि तो ऐकल्यावर माझ्या घशाखाली घास उतरत नसे. आता खोटंच सांगा, असं म्हणायला मात्र माझी जीभ कधी रेटली नाही.