तेलाची नळी आणि एकशे बारा पेट्या

लेंपी रौतियो गाडी चालवते ती शेजारच्या सीटवर बसून. आमच्याकडे, अमेरिकेत, स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्याकडेच्या टपालपेट्या उजवीकडे. त्यामुळे खेड्यापाड्यांत टपाल वाटणारा माणूस उजवीकडे सरकून बसतो, डावा हात लांब करून स्टिअरिंग धरतो, डावा पाय पलीकडे टाकून ब्रेक दाबतो आणि उजव्या हाताने खिडकीतून पत्रं पेटीत सारतो. गाडी ज्याची त्याची, सरकारची नव्हे. लेंपी हे एकतीस वर्षं करते आहे. तिचं वय अडुसष्ट, उंची जेमतेम पाच फूट आणि जीभ त्याहून लांब.

गाडी सत्त्याण्णव सालची. तिची पुढची सीट बाकासारखी सलग आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. नव्या गाड्यांत दोन सीटांच्या मधोमध कॉफीचे पेले ठेवायला भला मोठा खोका बसवलेला असतो. त्यावरून पाय टाकून कोण गाडी चालवणार? 'लेंपी, नवी गाडी घे' असा सल्ला गावातल्या प्रत्येकाने तिला दिला, पण ती त्या गाडीत बसणार कशी याचा विचार एकानेही केला नाही. त्या शहाण्यांत मीही होतो. माझं नाव आर्विड साल्मेला, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. चाळीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलो की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं. मला नेमकं किती कळत होतं ते पुढे येईलच.

नोव्हेंबर ते एप्रिल आमच्या रस्त्यांवर मीठ टाकतात. मीठ बर्फ खातं आणि मग गाड्या खातं. म्हणून मिशिगनच्या या उत्तरेच्या टोकाला दर ऑक्टोबरात आम्ही गाडीखाली उताणे पडतो आणि करवतीच्या साखळीचं चिकट तेल, गंजू नये म्हणून, सगळ्या पत्र्याला फासतो. ते महिना-दीड महिना थेंबथेंब ठिबकत राहतं. कोणी त्याकडे ढुंकून बघत नाही. ऑक्टोबरात ज्याच्या अंगणात तेलाचे डाग नाहीत तो पुलापलीकडून, खालच्या मुलखातून आलेला, असं आम्ही धरून चालतो.

त्या वर्षी लेंपीच्या गाडीचं ठिबकणं नोव्हेंबरात कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. तिने मला विचारलं. मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही.

"गंजाचं तेल आहे. ठिबकू दे," मी म्हणालो.

तिलाही तेच वाटत होतं म्हणून तिने ऐकलं, नाहीतर माझं कधी ऐकते? चौथ्या दिवशी हाराला नावाच्या टेकडीच्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला. तिने गाडी जागच्या जागी बंद केली, तेल मोजायची पट्टी ओढली, तर ती कोरडी ठणठणीत. आणखी दोन मैलांत इंजिन जाम झालं असतं. जवळ तेलाचे डबे होते ते तिने ओतले, उरलेलं टपाल वाटलं आणि गाडी टपाल कचेरीच्या आवारात आणून लावली. तासाभरात गाडीखाली परातीएवढं थारोळं झालं.

ते नेमकं ब्रेंट हॅसलरच्या खिडकीसमोर. हा आमच्या कचेरीचा नवा साहेब, उन्हाळ्यात पुलापलीकडून बदलून आलेला. वय चाळीसच्या आत, बूट नेहमी स्वच्छ. त्याने लेंपीला आत बोलावलं आणि सांगितलं, की आवारात तेलाचे डाग पडल्याची तक्रार ही दुसरी आहे. म्हणाला, सोमवारी सकाळी आठला मी स्वतः गाडी तपासणार. खाली गळती दिसली तर तुमची फेरी शेजारच्या फेरीत मिळवून टाकू आणि तुम्ही निवृत्तीच्या कागदांवर सही करा. कागद त्याच्या खणात तयारच होते, आणि ही गोष्ट तिला सगळ्यात जास्त झोंबली.

तो बुधवार होता. गुरुवारपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. गावातली दोन्ही गॅरेजं बंद, मालक बंदुका घेऊन जंगलात. हंगामात आमच्याकडे दात दुखला तरी माणूस आठवडाभर गाल धरून बसतो. माझ्या गुडघ्यामुळे मी जात नाही, म्हणून दुकान तेवढं उघडं होतं.

गुरुवारी दुपारी, वाटेत तेलाचे डबे ओतत फेरी संपवून लेंपी आली आणि तिने काउंटरवर दोन जुन्या नळ्या आपटल्या. इंजिनचं तेल रेडिएटरकडे थंड व्हायला जातं आणि परत येतं ते या नळ्यांतून. मध्ये रबर, दोन्ही टोकांना लोखंड, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे दाबून बसवलेली एक कडी.

"ही कारखान्यातून गाडीबरोबर आलेली. ही तू दिलेली. आता खाली गळतेय तीही तूच दिलेली. तिन्ही कुठे गळल्या बघ."

मला बघायची गरज नव्हती. तिन्ही त्या कडीपाशी गळल्या होत्या. त्या जातीच्या सगळ्या नळ्या तिथेच गळतात, रबर कडक होतं आणि कडीची पकड सुटते. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी वर्षानुवर्षं तीच नळी फळीवरून काढून देत आलो होतो.

"अस्सल माल होता," मी म्हणालो.

"गळतोही अस्सलच."

"लेंपी, एकवीस वर्षांची गाडी झाली. सोड आता. तूही थकली असशील."

"आर्विड, तुझ्या गुडघ्यात लोखंड बसवलंय. तुला कोणी भंगारात काढलं का?"

ती काउंटरला वळसा घालून सरळ माझ्या मागच्या खोलीत शिरली. तिथे लाकूडतोडीच्या यंत्रांचा माल असतो. ओंडके उचलणाऱ्या यंत्राची नळी फुटली तर जंगलात कोण कडी दाबून देणार? म्हणून ते लोक जाड नळी हवी तेवढी कापतात आणि तिला आट्यांची टोकं पान्याने पिळून बसवतात. ती टोकं पुन्हा काढता येतात, पुन्हा बसवता येतात, आणि माझ्या आठवणीत एकही सुटून आलेलं नाही. लेंपीने त्यातलं एक टोक उचलून माझ्यासमोर धरलं.

"हे का नाही देत?"

"ते ओंडक्यांच्या यंत्राचं आहे. गाडीचं नाही."

"त्या यंत्रातलं तेल काय थंडगार सरबत असतं?"

मी नळीवरचे आकडे वाचले. दाब, उष्णता, तेल, सगळं तिच्या इंजिनाला पुरून उरणारं होतं. चाळीस वर्षं मी या दोन खोल्यांमधून ये-जा करतो आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. शनिवारी मी मदतीला येतो, असं मी बोलून गेलो.

शनिवारी सकाळी तिच्या शेडमध्ये गेलो तेव्हा गाडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि लेंपी खाली पुठ्ठ्यावर पडलेली. तिचा नवरा, आता तो नाही, शाळेत गाणं शिकवायचा, भला माणूस, पण खिळा ठोकायचा तरी शेजाऱ्याला हाक मारायचा. हत्यारं सगळी हिची. कामाची तिची एक रीत आहे. गंजलेल्या बोल्टला ती कधीही पहिल्या दिवशी हात लावत नाही. बुधवारपासून तीन संध्याकाळी तिने त्या बोल्टांना पातळ तेल पाजलं होतं आणि दर वेळी पाना लावून आधी केसभर आवळायचं, मग केसभर सैल करायचं, बस, एवढंच. "त्यालाही कळायला वेळ लागतो," ती म्हणते.

रेडिएटरकडची टोकं सुटली. इंजिनाकडे नळ्यांची पट्टी एकाच बोल्टने धरलेली असते, तो मात्र हलेना. लेंपी कॉफी आणायला घरात गेली. माझा धीर सुटला. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि जोर लावला. कट्ट. बोल्टचं डोकं माझ्या छातीवर पडलं आणि उरलेला बोल्ट इंजिनात.

ती कॉफी आणि वेलची घातलेला निसू पाव घेऊन आली, खाली वाकली, बघितलं.

"तू उरकलंस वाटतं?"

"लेंपी, मी..."

"तीन दिवस मी त्याची समजूत काढतेय आणि तू आलास हातघाईवर. सरक. पाव खा. हात लावू नकोस."

मी स्टुलावर बसून पाव खाल्ला. बोल्ट निघाला नाही तर सोमवारी सही तिला करावी लागणार होती आणि कारण मी असणार होतो. तिने पट्टी ओढून काढली, तेव्हा बोल्टचा बोटाच्या पेराएवढा भाग बाहेर दिसला. आजूबाजूचं तेल तिने कपड्याने तीनदा पुसलं, बर्फाची बादली आणि आग विझवायचं नळकांडं शेजारी ठेवलं, बोल्ट गॅसच्या ज्योतीने तापवला आणि त्यावर मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. निवू दिलं. पुन्हा तापवला, पुन्हा मेण. असं पाच वेळा. मला वाटलं, ही आता रडेल नाहीतर मला हाकलेल. तिने नुसती नवी मेणबत्ती घेतली.

मी शेवटी विचारलं, "एवढा अट्टहास कशासाठी? कागदावर सही कर आणि आरामात बस घरी."

गाडीखालून उत्तर आलं.

"माझ्या फेरीवर एकशे बारा पेट्या आहेत, आर्विड. घरी एक खुर्ची आहे. मला त्या खुर्चीची भीती वाटते." मग पक्कड लावल्याचा आवाज आला. "आणि मला कधी थांबायचं ते मी ठरवणार. तेलाचा डाग नाही ठरवणार, तो पोरगाही नाही."

बोल्ट कुरकुरला आणि फिरला. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, असं करत ती त्याला बाहेर घेऊन आली. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता, पण मी सोडला नाही.

पुढचं काम आम्ही मुकाट्याने केलं. नळ्या मापात कापल्या, टोकं पिळली, दोन्हीकडे आट्यांचे जोड बसवले, नळी कुठे पत्र्याला घासणार नाही अशी बांधली. इंजिनचा पुढचा भाग तिने गरम पाण्याने धुऊन लख्ख केला, म्हणजे नवी गळती असली तर लपायला जागा नको. मागचा सगळा पत्रा मात्र तिने तसाच तेलकट ठेवला.

"तोही धू," मी म्हणालो. "मागे गंजाचं तेल ठिबकतंय. हॅसलरला तेवढंच पुरेल."

"ते धुतलं तर एप्रिलपर्यंत गाडीला भोकं पडतील. त्याच्या सोमवारसाठी मी माझा हिवाळा घालवणार नाही."

यावर आम्ही भांडलो. मी म्हणालो, एक दिवस मान तुकव. ती म्हणाली, ती सवय तुझी. शनिवारचा सौना, आमची वाफेची न्हाणी, तापला होता तरी मी न थांबता घरी निघून गेलो.

रविवारी तिने काय करावं? टपालाच्या टोपल्यांत जळाऊ लाकूड भरून वजन बरोबर केलं आणि सगळी फेरी रिकाम्या हाताने केली. एकशे बारा पेट्यांपाशी थांबली, निघाली, थांबली, निघाली. लोक घरातून बाहेर येऊन पेट्या उघडून बघत होते. हाराला टेकडीवर ती मुद्दाम दोनदा चढली. परत आल्यावर इंजिनाखाली पांढरा पुठ्ठा टाकला. पुठ्ठा पांढराच राहिला.

सोमवारी आठला मी कचेरीच्या आवारात हजर होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. लेंपीने तोच पुठ्ठा इंजिनाखाली सरकवला आणि इंजिन चालू ठेवलं. हॅसलर कागदांची फाइल काखेत मारून आला, पुठ्ठ्याकडे बघितलं, मग गाडीच्या मागे गेला. मागच्या चाकाजवळ एक थेंब पडला, पाठोपाठ दुसरा.

"मिसेस रौतियो, गळतेय," तो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं असं मला दिसलं, आणि म्हणून मला जास्तच राग आला.

"ते इंजिनचं नाही," लेंपी म्हणाली. "इंजिन पुढे असतं. खाली झोप आणि बघ."

"काय?"

"तपासायला आलास ना? उभ्याने गाडी तपासतात का? झोप. मी पण झोपते."

आणि ती खरोखर खडीवर उताणी होऊन गाडीखाली सरकली. अडुसष्ट वर्षांची बाई खाली पडून हाका मारते आहे म्हटल्यावर तो करणार काय? इकडेतिकडे बघून तोही झोपला. मला दोघांचे फक्त पाय दिसत होते. आवाज मात्र नीट येत होता.

"ही नळी. हात लाव. लाव, चावत नाही. कोरडी आहे? आता हा जोड. हा पण. आता इकडे मागे बघ, हे चिकट लागतंय ते मी ब्रशने फासलंय, गंजासाठी. वास घे. बोट घासून बघ, तार सुटते. इंजिनच्या तेलाला सुटते का तार?"

"नाही," हॅसलरचा आवाज.

"इथे प्रत्येकजण हे फासतो. तुला कोणी सांगितलं नाही?"

"नाही."

"सांगायला हवं होतं. तुझ्या गाडीलाही फास, नाहीतर दुसऱ्या हिवाळ्यात तळ गळून पडेल."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कोटाच्या पाठीला खडी चिकटली होती आणि बुटांना तेल लागलं होतं. त्याने तपासणीचा कागद काढला, गाडीच्या टपावर ठेवून लेंपीच्या पेनने सही केली आणि समजूतदारपणे म्हणाला, "ठीक आहे. हा एक हिवाळा चालू द्या. वसंतात आपण पुन्हा निवृत्तीचं बोलू."

लेंपी तोवर टपालाच्या टोपल्या गाडीत चढवायला लागली होती. शेवटची टोपली चढवून ती वळली.

"तुझी नेमणूक इथे किती वर्षांची?"

"दोन. का?"

"मग ते कागद फाइलमध्येच राहू देत. वर एक ओळ लिही, पुढच्या साहेबासाठी, की रौतियोबाई स्वतः सांगेल तेव्हाच हे बाहेर काढायचे. दर नव्या माणसाला गाडीखाली झोपवायला मला वेळ नसतो."

ती उजवीकडच्या सीटवर चढली, डावा पाय पलीकडे टाकला आणि निघाली. हॅसलर फाइल उघडून उभा होता. त्याने माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं.