तिबेटातली ज्वारीची भाकरी

सरांनी माझी चिठ्ठी उघडली, वाचली, घडी घातली आणि खिशात टाकली. मग माईककडं वळून म्हणाले, "प्रश्न संपले."

संपले नव्हते. परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या व्याख्यानमालेत प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत होती, खाली नाव घालायचं नाही. पण माझं अक्षर सर ओळखत होते. तासभर समोर धरून ते जी टिपणं बोलले, ती त्याच अक्षरात होती.

तीन दिवसांची माला. चीन, तिबेट, उईघुर. मी तिथं तासिकेवर इतिहास शिकवायची, सर विभागप्रमुख. दोन महिने इंग्रजी पुस्तकांत डोकं घालून मी टिपणं काढली, मराठी केली. पत्रिकेवर नाव सरांचं. मला त्याचं काही वाटलं नाही. सर आपले होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं निघालेल्या पत्रकावर सही करणारे, आमच्या घरी येऊन चहा पिणारे.

त्या चहाच्या वेळीच आईनं त्यांना तळहात दाखवला होता. नामांतराच्या दंगलीत गावाकडं आमची वस्ती पेटवली, तेव्हा आई भाकरी करत होती. पळताना तिनं चुलीवरचा तापलेला तवा भाकरीसकट पदरात घेतला. हाताची कातडी तव्याला चिकटली. ऐकताना सरांचे डोळे भरून आले. मी स्वतः पाहिलं.

तिबेटच्या दिवशी मी आईला मोठ्या हौसेनं घेऊन गेले. शेवटच्या रांगेत बसलो. सर रंगात आले. टिपणं बाजूला ठेवली आणि म्हणाले, ल्हासाजवळच्या खेड्यात एक बाई ज्वारीची भाकरी करत होती. सैनिक आले. तापलेला तवा पदरात घेऊन ती पळाली. हात जन्माचा भाजला.

पुढच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

तिबेटात कुठली आली ज्वारी? तिथं सातूचं पीठ खातात. मीच लिहून दिलं होतं.

आई माझ्या कानाशी आली. "हे तर माझंच सांगायलेत गं. मंग माझं नाव का न्हाई घेतलं?"

मी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं : ती बाई कोणत्या गावची?

नंतर ऑफिसात सर माझ्यावरच भडकले. "लोकांना भिडायला नको? तुमच्या वस्तीचं म्हणून सांगितलं असतं तर निम्मं सभागृह उठून गेलं असतं. तिबेटची म्हटलं म्हणून रडले. उद्या समारोपाचे आभार तुझ्याकडं आहेत. पुढच्या वर्षीचे तास माझ्याकडं आहेत. लक्षात ठेव."

घर जाळणाऱ्यांचा राग होताच. पण त्यांनी आमच्या घरी बसून चहा घेतला नव्हता. सरांनी घेतला होता. हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशीही आईला घेऊन गेले. उईघुरांवर सर चांगलं बोलले. त्या लोकांचं दुःख खरं होतं, तिबेट्यांचंही खरं. त्या दुःखाला माझ्या आईचा हात कशाला हवा होता?

मग मी आभाराला उठले. म्हणाले, "काल सरांनी सांगितलेली बाई तिबेटची नव्हती. ती माझी आई. शेवटच्या रांगेत बसलीय. गाव याच जिल्ह्यातलं." गावाचं नाव घेतलं. खुर्च्या वाजल्या. काल रडलेल्या बायकाही उठल्या. सर ओरडले, "विषयांतर नको!" कुणीतरी माईक बंद केला. मी बिनमाईकची बोलत राहिले. मागं आई उभी राहिली, भाजका हात वर धरून. तिच्याकडं बघायला कुणी मान वळवली नाही.

जूनमध्ये मला तास मिळाले नाहीत. मागायलाही गेले नाही.

आता तिबेटवर मी बोलते, उईघुरांवर मी बोलते. विहारात, शाळेच्या व्हरांड्यात, बोलावतील तिथं. पण आधी आईचं गाव सांगते आणि ते कुणी जाळलं तेही. ज्याला उठायचंय त्यानं तेव्हाच उठावं. मी ते वाक्य गाळणार नाही.