टर्बोची दोन मिनिटं

"पोरीला वाचायला येतंय, बोलायला न्हाई येत वाटतं."

आवाज गाडीखालून आला. मिस्त्रींचे फक्त पाय बाहेर दिसत होते. आष्ट्यातल्या त्यांच्या गॅरेजसमोर मी एका जुन्या टायरवर बसले होते आणि मांडीवर गाडीचं जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक होतं. मिस्त्रींनी हे पप्पांना हळूच म्हटलं होतं. पण गाडीखाली झोपून बोलणाऱ्या माणसाला आपला आवाज किती लांब जातो ते कळत नाही.

"इंग्लिश मीडियमला होती ना," बॉनेटमध्ये डोकं घातलेले पप्पा म्हणाले. "विचार करून बोलते."

मी विचार करून बोलत नव्हते. मी बोलतच नव्हते. पाचगणीच्या होस्टेलवर दहा वर्षं काढून आणि पुढे पुण्यात बी. ए. करून मी इस्लामपूरला परत आले, तेव्हा माझं मराठी घरच्यांच्या करमणुकीचा विषय झालं होतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक मला चटकन सांगता येत नसे, म्हणून चुलत भावंडं मुद्दाम माझ्याकडून आकडे वदवून घेत. त्यापेक्षा गप्प राहणं सोपं होतं. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक हुशार समजतात आणि तिच्यासमोर काहीही बोलतात. मला दोन्ही चालण्यासारखं होतं.

गाडी परदेशी होती. धरणाच्या कामावर सल्लागार म्हणून आलेल्या गोऱ्या साहेबांनी ती काही वर्षं वापरली. काम संपलं, साहेब गेले, गाडी राहिली आणि कालव्याची कामं घेणाऱ्या पप्पांनी ती घेतली. ती आमच्या गल्लीत शिरली की समोरून येणाऱ्या म्हशीला मागे जावं लागे, आणि म्हशी मागे जात नाहीत. एरवीच्या जीप घाटात धापा टाकत चढायच्या, ही मात्र शीळ घालत चढायची. ती शीळ टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक छोटा पंखा गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. पप्पांनी हे गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं, दूधवाल्याला दोनदा.

"गाडी आहे का जावई?" आई म्हणायची. "आल्या दिवसापासून नुसता मान चाललाय."

मान होताच. डिझेल एकाच पंपावरचं, तेही फडक्यातून गाळून. ऑइल ठरल्या वेळेच्या आधीच बदलायचं. मिस्त्री ते दोन बोटांवर चोळत, नाकाशी नेत आणि डोळे मिटून ठरवत. आईने कधी आमटी इतक्या गांभीर्याने हुंगलेली मला आठवत नाही.

त्या दिवशी आम्ही आष्ट्याला आलो होतो, कारण गाडीतून निळा धूर यायला लागला होता आणि शिळेऐवजी कण्हल्यासारखा आवाज येत होता. मिस्त्रींनी टर्बो काढला आणि आमच्यासमोर धरला. दोन नारळांएवढी लोखंडी गोगलगाय. त्यांनी आतला दांडा बोटाने हलवला. तो हिरडीतल्या दातासारखा हलला.

"जळलाय," मिस्त्री म्हणाले. "आतलं ऑइल करपून कोळसा झालाय. ताई, बघा बरं, पुस्तकात काय लिवलंय ते."

मला पान सापडलं. गाडी लांबून आली असेल तर बंद करण्याआधी दोन मिनिटं काय करायचं, ते चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते मराठीत कसं सांगायचं हे कळेना. शेवटी मी म्हणाले, "इंजिनला दोन मिनिटं... आळशी बसू द्यायचं."

पप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"आयडलवर ठेवायची," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. त्यांचं हसू डोळ्यांपर्यंत येऊन थांबलं, त्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. मग ते पप्पांकडे वळले. "सायेब, आसं हाय बगा. चुलीवरचा तवा लाल झालाय, आन् त्यावर त्याल सोडून तुमी निघून गेला, तर काय हुईल? करपून चिकटंल. टर्बोचं तसंच. गाडी चालू हाय तवर ऑइल फिरतंय, गार करतंय. गचकन बंद केली की ऑइल जाग्यावर ऱ्हातंय आन् जळतंय. दोन मिन्टं. जास्त न्हाई. बसून ऱ्हायाचं."

"बस्स, एवढंच?" पप्पा म्हणाले.

मिस्त्रींनी कुठूनसा दुसरा, वापरलेला टर्बो मिळवला आणि दोन दिवस खपून बसवला. निघताना त्यांनी बंपरला लिंबू-मिरची बांधली. पप्पांनी ती तिथल्या तिथे सोडली.

"मिस्त्री, आम्ही असलं मानत नाही."

"तुमी नका मानू. गाडी मानती."

आमच्या घरात सन छप्पन्नच्या धम्मदीक्षेपासून असलं काही नव्हतं. आजोबांनी देव, उपास, मुहूर्त सगळं एका झटक्यात घराबाहेर काढलं होतं आणि पप्पांना त्याचा रास्त अभिमान होता. ते कशालाही पुरावा मागत. दसऱ्याला गल्लीतल्या सगळ्या गाड्या झेंडूत बुडायच्या आणि आमची मात्र नुसती धुतलेली उभी असायची. अशा बुद्धिवादी माणसाकडे या गाडीने एकच विधी मागितला होता, तोही शास्त्रीय, पुस्तकात छापलेला. आणि तोच त्यांच्याच्याने पाळला जात नव्हता.

आळस किंवा विसराळूपणा हे त्याचं कारण नव्हतं. कारण होतं माणसं. गाडी कुठल्याही नातेवाइकाच्या दारात थांबली की घरातून कुणीतरी बाहेर येई आणि "जय भीम, दादा" म्हणून हात पुढे करी. पप्पांचा हात हँडब्रेकच्या आधी किल्लीवर जाई. खट. इंजिन बंद. पप्पा खाली. मी मागच्या सीटवर घड्याळाकडे बघत असे. चार सेकंद. सहा सेकंद. एकदा मिरजेच्या काकूंना दार उघडायला उशीर झाला म्हणून चाळीस सेकंद मिळाले. तो आमचा विक्रम होता.

पप्पांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीत गाडी थांबायची ती पोलिसांची, आणि ती थांबली की दारं बंद व्हायची. आता पप्पांची गाडी थांबली की दारं उघडत होती. पुढे आलेल्या हाताला काचेआड दोन मिनिटं थांबवून, आपण इंजिनाचा आवाज ऐकत बसायचं, हे त्यांना कुठल्याही पुस्तकाने पटलं नसतं. मला हे तेव्हाही कळत होतं. म्हणूनच आपण बोलत नाही, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला बोलायला भीती वाटायची.

पाच महिन्यांत निळा धूर परत आला.

मिस्त्रींनी टर्बो काढला, दांडा हलवला. मग त्यांनी तो फडक्यावर ठेवला, हात पुसले आणि परत उचलला.

"बसवतानाच माजं काय तरी चुकलं आसंल," ते म्हणाले. "इतकी वर्सं काम करतूय. आसं कवा झालं न्हवतं."

पप्पा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले होते. मिस्त्री माझ्याकडे वळले. "ताई, तुमी तर गाडीतच आसता. दोन मिन्टं थांबता न्हवं?"

मी मान हलवली. होकारार्थी.

मिस्त्रींनी ती मान तशीच्या तशी खरी मानली. इंग्लिश मीडियमची, पुस्तक वाचणारी, विचार करून बोलणारी मुलगी कशाला खोटं सांगेल? त्यांनी मान खाली घातली आणि आपल्याच हातांकडे पाहिलं. बोटांच्या रेघांत काळं ऑइल कायमचं बसलेलं होतं. चहा आला. मी तो गरम असतानाच घटाघट प्यायले आणि जीभ भाजून घेतली. ते बरंच झालं, असं वाटलं.

तिसऱ्या टर्बोसाठी मिस्त्री स्वतः कुठे कुठे फिरले. एका अपघातातल्या गाडीचा मिळाला. "हा शेवटचा," ते म्हणाले. "ह्याच्याफुडं मला घावायचा न्हाई. हा गेला तर गाडीत कोंबड्या पाळा." बसवताना त्यांनी प्रत्येक नट दोनदा तपासला. एवढं कुणाला तपासताना मी पाहिलं नव्हतं, आणि ते का तपासतात हे त्या गॅरेजमध्ये फक्त मला ठाऊक होतं. निघताना मी बंपरखाली वाकून बघितलं. लिंबू-मिरची होती, आतल्या बाजूला, पप्पांना दिसणार नाही अशी. मी ती राहू दिली. खोट्या मुलीने पुरावा कुठल्या तोंडाने मागावा?

त्यानंतर महिन्याभरात पप्पांचा पाय कामावर मुरगळला. त्याच आठवड्यात साताऱ्याच्या आत्याच्या नव्या घराचा कार्यक्रम होता आणि पप्पांना त्याच दिवशी शिरवळला एका कारखान्याच्या कुंपणाची भिंत बघायची होती. गाडी मी चालवायची ठरली. कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर पप्पांनीच मला शिकवलं होतं. तिथे धडकायला फक्त बाभळी होत्या आणि त्यातल्या एकीला मी धडकलेही होते.

"आधी शिरवळ, मग सातारा," पप्पा म्हणाले.

"सातारा आधी लागतं," आई म्हणाली.

"परत येताना पण लागतं."

शिरवळला भिंत बघण्यात पप्पांनी तासभर घालवला. मुरगळलेला पाय घेऊन त्यांनी ती भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. परतताना उशीर झाला म्हणून मी खंबाटकीच्या घाटात ट्रकांच्या मागून एकेक जागा शोधत गाडी दामटली. टर्बो मस्त शीळ घालत होता. पप्पा बाजूला बसून ट्रकवाल्यांना सूचना देत होते आणि ट्रकवाले त्या ऐकत नव्हते. आई मागे आत्यासाठी घेतलेला मिक्सर मांडीवर धरून, डोळे मिटून बसली होती. ती झोपली नव्हती.

बुद्धवंदना अकराला होती. आम्ही बारा वाजता कॉलनीत शिरलो. नव्या घरासमोर मांडव होता आणि तीस-चाळीस माणसं उन्हात उभी होती. बायकांच्या पांढऱ्या साड्या, हातात उदबत्त्या. पायरीवर खुद्द भन्ते, वंदना घ्यायला आलेले भिक्खू, चीवर सावरून उभे. सगळे आमच्याचसाठी थांबले होते. मी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालूच ठेवलं. घड्याळ बघितलं.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, धावत आले आणि त्यांनी पप्पांच्या दाराला हात घातला. "जय भीम, दादा. आवं उतरा की. भन्ते कवाधरनं उभं हायती."

"जय भीम, जय भीम," पप्पा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "बंद कर गं."

दहा सेकंद.

"बंद कर की. काय झालं?"

"पोरगीला बंद करायला येत न्हाई का?" आतोबांनी विचारलं. मांडवातून कुणीतरी हसलं. कुणीतरी "इंग्लिश मीडियम" म्हणालं. ते शब्द मी कितीही गर्दीत ओळखते.

पप्पांचा हात किल्लीकडे आला. चार सेकंद, सहा सेकंद, चाळीस सेकंद, सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले, आणि त्यामागून फडक्यावर ठेवलेला तो टर्बो आणि त्याच्याकडे बघत बसलेले मिस्त्री. मी पप्पांच्या आधी किल्लीवर हात ठेवला. त्यांचा हात माझ्या हातावर येऊन थांबला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू गाडीनेच त्यांचा हात धरला होता. मागे आईने डोळे उघडले.

भन्ते पायरीवर शांत उभे होते. त्या अख्ख्या गर्दीत घाई नसलेले ते आणि इंजिन, एवढे दोघंच.

गाडीच्या काचा खाली होत्या. आवाज कसा निघेल ते माहीत नव्हतं. तो मोठा निघाला, इंजिनाच्या वर, मांडवाच्या टोकापर्यंत जाईल इतका.

"पप्पा, मागचा टर्बो मिस्त्रींच्या हातून गेला नव्हता. तो आपण जाळला. तुम्ही किल्ली फिरवून आणि मी गप्प बसून. परवा आष्ट्याला जाऊन आपण दोघं त्यांना हे सांगणार आहोत. आणि आता दोन मिनिटं होईपर्यंत कुणी उतरायचं नाही. आतोबा, तुम्हीपण ते दार सोडा."