आडनावातलं गाव

टेक्सासात लेकीकडे गेलो, तेव्हा मला रस्त्यावरच्या पाट्या वाचायचा नाद लागला. वायमार, न्यू ब्राउनफेल्स. जर्मनांनी ही गावं वसवली आणि मागे राहिलेल्या गावांची नावं त्यांना दिली.

न्यू ब्राउनफेल्सच्या बेकरीत गल्ल्यावरच्या म्हातारीनं पाव बांधता बांधता भिंतीवरचा फोटो दाखवला. टेकडीवर किल्ला, खाली उतरत्या छपरांची घरं. "हे जुनं ब्राउनफेल्स. आमचे पणजोबा इथले. मी दोनदा जाऊन आलेय."

मग तिनं माझं नाव विचारलं. "हिवरगावकर," मी म्हणालो. शेजारी उभ्या लेकीनं कौतुकानं सांगितलं, "म्हणजे आमचं गाव हिवरगाव."

म्हातारी खुलली. "कसं आहे हो तुमचं गाव?"

हिवरगाव पुण्यातल्या माझ्या घरापासून तीन तासांवर आहे आणि मी तिथं एकदाही गेलेलो नाही. दर चैत्रात तिथला एक म्हातारा जत्रेचं बोलावणं घेऊन यायचा, पिशवीत भाजलेल्या शेंगा असायच्या. शेवटच्या खेपेला मी त्याला दारातूनच वाटेला लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर तो आला नाही, आणि मला बरंच वाटलं. इथं माणसं समुद्रापार गावाचं नाव जपत राहिली. मी ते जन्मभर फक्त सहीत लिहिलं.

"छान आहे," मी म्हणालो.

"नदी आहे?"

"आहे ना."

लेक माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, आपल्या गावाला नदी आहे? मला कधी बोलला नाहीत!"

मी पावाचा पुडा उचलला आणि तिच्याकडे न बघता दाराकडे वळलो.