गार चहा
कच्च्या कापसाचा उबट वास आला की मला अमडापूरजवळच्या शाळेतला एक इंग्रजीचा तास आठवतो. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशी पोखरली, ते वर्ष होतं. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत अळी. मी फळ्यावर सॅड, ग्लूमी, मेलन्कली असे उदासीचे शब्द लिहिले आणि नेहमीसारखं मुलांना सांगितलं, अर्थ पाठ करू नका, असा माणूस कसा वागतो ते सांगा. कोणी रडायचं सोंग केलं, कोणी तोंड पाडून बसलं, वर्ग हसला. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली. "मॅडम, माहे बाबा वावरातून आले की चहा घेऊन बसतात. तो गार झाला तरी फुकून फुकून पेतात. त्याले यातला कोणता शब्द?" मी शेवटच्या शब्दावर खडू टेकवला. त्या संध्याकाळी माझी बस सोडून तिच्या घरी गेले. अर्ध्या खोलीत अळीने डागाळलेला, न विकलेला कापूस पडून होता आणि तिचे बाबा उंबऱ्यात बसले होते. "काऊन आल्या मॅडम? पोरीनं काही केलं काय?" "नाही, चहा प्यायला आले," मी म्हटलं. ते गडबडीने उठले आणि स्वतःच चहा ठेवायला आत गेले. पुढे मी अधूनमधून जातच राहिले. आता त्यांचे केस पिकलेत. चहा अजूनही फुंकूनच पितात, पण कपातून वाफ निघत असते.